पाचही फोन साफ

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पुण्याच्या सल्लागारांनी रोजच्या कामाची नोंद ठेवायला सांगितली आहे. ती मी इंग्रजीत ठेवते आणि तिच्यात सगळं वेळेवर चाललेलं असतं. ही वही माझी. हिच्यात रडायची, चिडायची आणि दिग्विजयसरांना नावं ठेवायची मुभा आहे.

तर आमची कंपनी ढगात निघाली. चिंचोळीच्या एमआयडीसीत आम्ही दूध थंड ठेवायच्या टाक्या बनवतो, गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना विकतो आणि मग त्यांची दुरुस्ती करत जन्मभर फिरतो. आजवरची सगळी माहिती मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर होती. त्या खोलीचा एसी बंद पडला की मी टेबलफॅन घेऊन पळायचे. आता पुण्याच्या सल्लागारांच्या मदतीने सगळं क्लाउडवर जाणार. टाक्याही इंटरनेटने तिकडे जोडल्या जाणार आणि फिरते मेकॅनिक फोनवरूनच टाकी चालू-बंद करणार, तापमान बघणार.

दिग्विजयसर म्हणजे मालकांचे चिरंजीव, कारभार नुकताच हातात आलेला. म्हणाले, "पोरांच्या फोनातून कोणी आत शिरता कामा नये. ते तुझ्याकडं." बावीस मेकॅनिक आणि सगळ्यांचे फोन स्वतःचे. कंपनी फोन घेऊन देणार नाही. माणसाच्या स्वतःच्या फोनला कंपनीचं कुलूप लावायचं, म्हणजे एका खिशात लेकराचे फोटो आणि आमच्या टाक्या एकत्र. मी "हो सर" म्हणून मोकळी झाले.

भीती वाटते आहे. पण आठ वर्षं प्रिंटरची शाई बदलल्यावर कोणीतरी खरं काम दिलं, याचा आनंदही झाला आहे. आईला करकंबला फोन केला. ती म्हणाली, "पगार वाढला का?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फोन गोळा करून कुलपं घातली. दिवसभर रांग. एकाच्या फोनवर जागाच नव्हती, नुसते लग्नाचे व्हिडिओ. एकाने फोन देताना आधी बाजूला जाऊन काहीतरी खोडलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पासवर्ड मीच दिले: नाव आणि त्यापुढे कामगार क्रमांक. म्हणजे विसरणार नाहीत. नंतर बदला म्हणून सांगितलं आहे.

मंगळवेढा-पंढरपूर पट्ट्यातली पाच पोरं एकाच वस्तीवरची, पांढरेवस्तीची. मंगळवेढ्याच्या पलीकडे कोरड्या माळावर मेंढरं राखणारी घरं. पोरं आयटीआय करून आमच्याकडे लागली. त्यांच्यातला बिरुदेव सगळ्यांत शेवटी आला. फोन पुढे केला, पण हातातून सोडेना.

"मॅडम, ह्यात आमच्या दादाचा आवाज हाय. त्यो जाणार न्हाय न्हवं?"

त्याचा थोरला भाऊ धुळाप्पा बिरोबाच्या ओव्या म्हणतो. त्यांच्या घराण्याची, देवाची अख्खी कथा, रात्र रात्र चालणारी. कुठे लिहिलेली नाही, बापाने मुलाला तोंडाने दिलेली. धुळाप्पाच्या गळ्यात गाठ निघाली आहे. पुढच्या महिन्यात बार्शीला ऑपरेशन. आवाज राहील याची डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही, म्हणून बिरुदेव दर रविवारी घरी जाऊन त्याला गायला लावतो आणि फोनमध्ये भरून घेतो.

"आमच्या घरात दुसऱ्या कुणाला येत न्हाय मॅडम. माझा गळा म्हंजी फुटकं मडकं. दादाचं एवढं राहिलं की बास."

मी म्हटलं, तुमचं खाजगी जसंच्या तसं राहील. त्याने विचारलं, आमचं बी तुमच्या ढगात ठेवता येईल का? मी हसले. म्हटलं, उलट कुलूप घातल्यावर या फोनमधून काहीच बाहेर पाठवता येत नाही, ना दुसऱ्या फोनवर, ना कार्डावर. नाहीतर कंपनीची माहिती बाहेर जाईल. त्याचा चेहरा उतरला. मग मी सांगितलं, क्लाउडचं काम एकदा पार पडू द्या. पेनड्राइव्ह घेऊन या, माझ्या कॉम्प्युटरवरून कुलूप अर्धा तास उघडते आणि सगळं काढून देते. तोवर फोन सांभाळा.

"व्हय मॅडम," म्हणाला आणि फोन दिला.

५ मार्च, बुधवार

डोकं उठलं आहे. नवी पद्धत अशी: कोणी त्याच्या नावाने आत शिरू लागलं की त्याच्या फोनवर प्रश्न येतो, 'हे तुम्हीच का?' हो दाबलं की दार उघडतं. साधी गोष्ट. पण पोरं टाकीखाली आडवी पडलेली, हात ग्रीसने भरलेले, तिथे फोन कोण बघतो? अर्धे लोक अडकून पडतात आणि मग मला फोन. "मॅडम, उगडंना." दिवसभर उगडंना, उगडंना.

दिग्विजयसरांनी वर मीठ चोळलं. हजेरी त्याच बटणाला जोडली. मिनिटभरात हो दाबलं नाही तर त्या दिवसाची हजेरी गेली. मी म्हटलं, सर, घाईत दाबतील. ते म्हणाले, "दाबू देत की. दाबण्यासाठीच आहे ना ते?"

शेवटी संध्याकाळी मीच त्यांच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला, त्यांना कळेल अशा भाषेत: "प्रश्न आला की विचार करत बसायचं न्हाय, हो दाबायचं आन् मोकळं व्हायचं." सगळ्यांनी अंगठे पाठवले. तासाभरात मला येणारे फोन थांबले. कधी कधी माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलावं लागतं, हे पुण्याच्या लोकांना कळत नाही.

१९ मार्च, बुधवार

माझ्या पडद्यावरच्या नकाशात प्रत्येक मेकॅनिक कुठे आहे ते ठिपक्याने दिसतं. आज बिरुदेवचा ठिपका बार्शीत. त्याच्या पट्ट्याबाहेर गेला म्हणून लाल झाला. नियमाप्रमाणे मी फोन केला.

तो दवाखान्यात होता. मागून भांड्यांचा आवाज, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. म्हणाला, "दादाचा आवाज काढला मॅडम. आता मानंला भोक हाय, त्यातनं श्वास घेतोय. वैनीकडं नुसतं बघतोय."

रजेचा अर्ज टाका एवढंच बोलले. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. भाऊ दवाखान्यात पडलेला आणि मी अर्ज टाका म्हणते. मग पुन्हा लावला आणि सांगितलं, पेनड्राइव्ह विकत घेऊन ठेवा, एप्रिल लागला की पहिलं काम तुमचं.

"घेतलाय की मॅडम. कवाच घेतलाय."

१ एप्रिल, मंगळवार

आम्ही ढगात पोचलो. एकही टाकी बंद पडली नाही. दिग्विजयसरांनी पेढे वाटले, पुण्याच्या लोकांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. जुना सर्व्हर बंद करताना त्याचा पंखा हळूहळू थांबला तेव्हा उगीच डोळे भरून आले. आता टेबलफॅन घेऊन पळायला नको.

आज खूप छान वाटतंय. हे एक तरी वाक्य इथे असू दे.

४ एप्रिल, शुक्रवार

बिरुदेव पेनड्राइव्ह घेऊन आला होता. मी मीटिंगमध्ये. काचेतून दिसत होता, बाकावर बसलेला, हातातली पुडी उलटसुलट करत. मीटिंग लांबली. बाहेर आले तेव्हा साडेपाच वाजलेले आणि सरांना अहवाल आजच हवा होता. म्हटलं, बिरुदेव, पुढच्या आठवड्यात नक्की. तो म्हणाला, "चालंल की. कुटं पळून जातंय." दादा कसा आहे विचारलं. पाटीवर लिहून बोलतोय, पण लिहायला फारसं येत नाही, असं म्हणाला आणि हसला.

९ एप्रिल, बुधवार

धुळाप्पा काल गेला. जखम चिघळली होती.

बिरुदेवने रजा मागितली. रजा सगळ्या बार्शीच्या फेऱ्यांत संपल्या आहेत. त्यात वस्तीवरची बाकीची चौघं शनिवारपासून बिरोबाच्या जत्रेला, त्यांच्या रजा आधीच मंजूर. दिग्विजयसर म्हणाले, "हा पण गेला तर अख्खा पट्टा मोकळा. बाहेरचा मेकॅनिक शोधत बसलो तर दूध नासेल." त्याला कळवायचं काम माझ्याकडे.

तो म्हणाला, तसाही जत्रेला जाता येणार नाही, सुतक आहे, देवाच्या कामाला हात लावायचा नाही. शनिवारपासून येतो कामावर. तेराव्याला सुतक फिटलं की बिरोबाच्या पुढ्यात बसून दादाचा आवाज लावायचा, असं सगळ्यांनी ठरवलं आहे. या वर्षी जत्रेत त्याची ओवी होणार नाही, ती त्या दिवशी होईल. "त्या आधी तेवडं काढून द्या मॅडम. मोठ्या पेटीवर लावायचंय, समद्या वस्तीला ऐकू गेलं पायजे."

म्हटलं, सोमवारी सुट्टी आहे तरी मी येते. तुम्ही या. नक्की.

खरंच नक्की. इथे लिहून ठेवते आहे.

१२ एप्रिल, शनिवार

चैत्री पौर्णिमा. शांत दिवस. उन्हाने रस्ता पातळ झाल्यासारखा दिसतो.

दुपारी नकाशा उघडला तर गंमत. पांढरेवस्तीच्या पाचही पोरांचे ठिपके एकावर एक, मंगळवेढ्याच्या चौकाजवळच्या खोलीवर. चौघं जत्रेला म्हणून रजेवर आणि बसलेत बिरुदेवच्या खोलीवर गप्पा हाणत! जत्रेचं नुसतं निमित्त. पण म्हटलं जाऊ दे, भाऊ गेलेल्या माणसाजवळ बसलेत, चांगलंच आहे.

बिरुदेवला फोन करून सगळं ठीक ना विचारलं. "व्हय मॅडम. समद्यांचं मीच बघतोय. लई येतंय आज, सारखं दाबतोय." कामाचे फोन फार येत असणार. मी म्हटलं, शाबास.

१३ एप्रिल, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी सहाला पहिला फोन करकंबहून. संकलन केंद्रातली टाकी बंद आणि चालू होईना. मग मंगळवेढ्याचे, मग मोहोळकडचे. सातपर्यंत फोन ठेवायला उसंत नाही. रात्रीतून कोणीतरी टाक्यांचं थंड करणं बंद केलं होतं आणि बाहेरून कुलूप घातलं होतं. कॉम्प्युटरवर इंग्रजीत धमकी: पैसे द्या, नाहीतर अजून बंद करू. दूध रात्रभर उन्हाळ्याच्या हवेत. आईचा फोन आला, "पिंके, केंद्रावरनं दूध परत केलं गं. वास यायलाय. सगळ्यांनी गटारीत ओतलं." आमच्या गावची गटार पांढरी वाहत होती म्हणाली.

पुण्याच्या सल्लागारांनी फोनवरच शोधलं. बाहेरचं कोणीतरी आमच्या पाच मेकॅनिकांच्या नावाने आत शिरलं होतं, पासवर्ड अजून तेच, नाव आणि क्रमांक. पाचही पांढरेवस्तीचे. शिरताना प्रत्येकाच्या फोनवर प्रश्न गेला होता आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हो म्हटलं होतं. त्या फोनमध्येच काही घुसलं असेल तर? "ते फोन ताबडतोब बाद करा," ते म्हणाले. "आत्ता. विचार करू नका."

माझ्या पडद्यावर दोन पर्याय होते. 'फक्त कंपनीचा भाग' आणि 'पूर्ण फोन'. अशा वेळी अर्धवट काही ठेवण्यात अर्थ नसतो. मी 'पूर्ण फोन' घेतला आणि एकेक नावावर दाबत गेले. भीमा. प्रभु. शहाजी. विरुपाक्ष. बिरुदेव. चहा निवायच्या आत पाचही फोन साफ. घुसखोर तिथल्या तिथे तुटला. दुपारी सगळ्या टाक्या आमच्या हातात परत आल्या.

दिग्विजयसर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तू नसतीस तर आज कंपनी बसली होती." हे ऐकायला आठ वर्षं लागली.

एकच चीड आली. एवढ्या गोंधळात त्या पट्ट्यात कामावर असलेला एकमेव माणूस, बिरुदेव, दिवसभर फोन उचलत नव्हता. दुःख आहे मान्य, पण जबाबदारी म्हणून काही असते की नाही?

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. बाहेर मिरवणुकीची तयारी, रस्ताभर निळे झेंडे. मी ऑफिसात एकटी.

दहाच्या सुमाराला बिरुदेवचा फोन आला, दुसऱ्याच नंबरावरून. आवाजात काळजी नव्हती. नुसता विचारत होता.

"मॅडम, फोन दुकानातनं आणल्यासारखा कोरा झालाय. काल धरनं. तुमीच कायतरी केलंय म्हणं. आतलं कवा परत यील? आज तुमी बोलिवलं व्हतं, पेनड्राइव्ह घिऊन निघू का?"

पाचवं नाव मी स्वतः दाबलं होतं. त्या क्षणी ते नुसतं यादीतलं नाव होतं.

खरं सांगते, तोंडातून निघालं ते असं: "आज नको. काम चालू आहे. बघते मी."

"बरं मॅडम. तुमी हायसा म्हणून काळजी न्हाय."

मग पुण्याला फोन केला, दोन कंपन्यांना केला, नव्या पेठेतल्या मोबाइलवाल्याला केला. सगळ्यांचं एकच. फोन पूर्ण पुसला, आतली प्रत दुसरीकडे कुठेच नाही, आता देव आला तरी निघणार नाही. प्रत का नाही ठेवली, असं मोबाइलवाल्याने विचारलं. प्रत ठेवायला बंदी मीच घातली होती.

ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१६ एप्रिल, बुधवार

आज चौकशी. दिग्विजयसर, मी आणि समोर बिरुदेव, टक्कल केलेला, टोपी हातात.

जे कळलं ते असं. त्यांच्या जत्रेत देवाच्या पालखीला खांदा देणाऱ्याने चामडं जवळ ठेवायचं नाही. पट्टा नाही, पाकीट नाही, चप्पल नाही. अलीकडे पंचांनी त्यात फोनही घातला. देवाच्या खांद्याला घंटी वाजता कामा नये. त्यामुळे दर वर्षी वस्तीवरची पोरं आपले फोन ज्याला त्या वर्षी देवाला शिवायचं नाही त्याच्याकडे ठेवून जातात. सुतकातला माणूस सगळ्यांचे फोन सांभाळतो, आलेले निरोप घेतो, घरचं काही असेल तर माणूस पाठवतो. त्यांच्यात हा इमानाचा मान समजतात. या वर्षी तो मान बिरुदेवकडे. चार फोन आणि पाचवा त्याचा. शनिवारी पाचही फोनांवर सारखा प्रश्न येऊ लागला, 'हे तुम्हीच का?' पोरांची हजेरी बुडू नये म्हणून तो सगळ्यांवर हो दाबत राहिला. रात्रीपर्यंत.

म्हणजे गप्पा हाणत बसले होते असं मी ज्याला म्हटलं, तो एकटा माणूस होता, सुतकात, मांडीवर पाच फोन घेऊन.

सरांनी टेबलावर हात आपटला. "रजेवरच्या माणसाची कसली हजेरी? कोणी सांगितलं होतं तुला सरसकट हो दाबायला?"

माझा निरोप त्या ग्रुपवर होता, माझ्याच आवाजात. ग्रुपमध्ये दिग्विजयसर नाहीत. बिरुदेवने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "कुणी न्हाय साहेब. माझीच चूक झाली."

त्याला आजपासून काढलं. कागदावर सही घेतली.

त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस आहे हा! भाऊ गेला, नोकरी गेली, तरी दुसऱ्यावर बोट दाखवलं नाही. जाताना जिन्यात थांबून हळूच विचारलं, "मॅडम, ते तेवडं बगताय न्हवं? रविवारी तेरावं हाय." मी म्हटलं, हो, चालू आहे. अजून काय म्हणणार होते?

१८ एप्रिल, शुक्रवार

गेटवरून फोन आला, कोणी बाई भेटायला आल्या आहेत. धुळाप्पाची बायको, म्हाळसाबाई. मंगळवेढ्याहून एसटीने एकटी आलेली. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी फडक्यात बांधून आणलेली, माझ्यासाठी. आत या म्हटलं तर येईना. गेटच्या सावलीतच बसली.

"बिरू म्हणला, तुमी मशिनीतनं काढायलाय म्हणं धन्याचा आवाज. म्हणलं तरास तर तुमालाच हाय, जाऊन बगावं."

मी नुसती मान हलवली.

"लई दिस झालं बगा ऐकून. गळ्याला भोक पाडल्यावर धनी बोललंच न्हाईत. मरताना बी हातच हलिवला. म्हणलं आसू दे, फोनात हाय की. रविवारी यील न्हवं?"

तिच्या तोंडाकडे बघून खरं सांगायचं ठरवलं होतं. गेटपर्यंत तेच घोकत आले होते. तोंडातून निघालं, "रविवारी मी स्वतः येते."

ती उठली, माझ्या तोंडावरून हात उतरवून बोटं मोडली आणि गेली. चटणी-भाकरी तशीच टेबलावर आहे. मला उचलवत नाही.

मी नीच आहे. दुसरा शब्द सापडत नाही.

२० एप्रिल, रविवार

गेले. सकाळच्या एसटीने मंगळवेढा, तिथून वस्तीपर्यंत जीपने. लिंबाखाली बिरोबाचं ठाणं, शेंदूर लावलेला दगड, समोर सतरंजी. सगळी वस्ती जमलेली. दोन मोठ्या पेट्या भाड्याने आणून ठेवलेल्या, तारा जोडलेल्या. बिरुदेवने मला पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. त्याला बहुतेक तिथेच कळलं.

मी उभी राहून सांगितलं. फोन मीच पुसला. आवाज गेला आहे. तो गेला हे मला सोमवारीच कळलं होतं, तरी मी रोज खोटं बोलले. तो परत येणार नाही. अजून माफी वगैरे म्हणाले असेन, आठवत नाही.

एका म्हाताऱ्याने पेट्यांच्या तारा काढायला सांगितल्या. पोराने काढल्या आणि गुंडाळल्या. मग तो म्हातारा म्हणाला, "देव बसलाय. येतंय तेवडं म्हणा."

ढोल आणला. साथीचे पाच-सहा जण उभे राहिले. ते ओवीचा फक्त शेवटचा शब्द उचलतात आणि घोळवतात. बाकी सगळं गाणाऱ्याचं, त्यामुळे इतकी वर्षं साथ करूनही त्यांना पुढचं येत नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा म्हाळसाबाईने, जिथे बसली होती तिथूनच, पदराआडून सुरू केलं. बाई कधी म्हणत नाही तिथे. पण कोणी अडवलं नाही.

"माळावरी बसला देव, मेंढरं मोजितो
एक कोकरू न्हाय दिसं, रानात शोधितो"

"शोधितो," साथीच्यांनी उचललं. ढोल घुमला.

"वड्याला इचारिलं, वडा वाहून गेला"

"वाहून गेला."

"बाभळीला इचारिलं, बाभळ..."

ती थांबली. पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथेच आली आणि थांबली. चुलीपाशी बसून कानावर पडलं होतं तेवढंच तिच्याकडे होतं. साथीचे तोंड अर्धं उघडून उभे, शब्दाची वाट बघत. ढोलवाला हळूहळू वाजवत राहिला. तिने बिरुदेवकडे बघितलं. बिरुदेवने मान खाली घातली. मग ढोलही थांबला. एक बाई रडू लागली, तिच्यामागे सगळ्या.

जेवून जा म्हणाले. मला जेवण गेलं नसतं. मी उठले.

बिरुदेव रस्त्यापर्यंत पोचवायला आला. टकलावर उन्हाचा घाम. जीप दिसली तेव्हा म्हणाला,

"मॅडम, एक इचारू का? आता आवाज काय येत न्हाय. मग आता साहेबांना सांगितलं तर चालंल न्हवं, की तुमीच म्हणला व्हता, हो दाबा म्हणून?"

तो माझ्यावर चिडलेला नव्हता. खरंच परवानगी मागत होता. बुधवारी त्याने माझं नाव का घेतलं नाही ते मला तेव्हा, त्या मातीच्या रस्त्यावर, कळलं. मी रागावले असते तर त्याच्या भावाचा आवाज काढून कोणी दिला असता?

"चालेल," मी म्हणाले. "सांगा."

"बरं मॅडम," तो म्हणाला. जीप थांबायच्या आधीच तो वस्तीकडे वळला होता.